दर दिवाळीला रंग, दर होळीला पोपडे: भिंतीची ओल परत परत का येते

दिवाळीच्या आधी पेंटर येतो, ओल आलेली भिंत खरवडतो, पुट्टी भरतो, वरून 'डॅम्प प्रूफ' म्हणून महागातला रंग मारतो. भिंत नव्यासारखी दिसते. होळीच्या आसपास त्याच जागी रंग फुगायला लागतो. बोटाने दाबलं की पापडासारखा मोडतो आणि मागून पांढरी भुकटी सांडते. पुढच्या दिवाळीला परत तेच. माझ्या घरात हे तीन वर्षं चाललं. ओळखीच्या निम्म्या घरांत आजही चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

कळकळीने एकच सांगायचंय. पाणी कुठून येतं हे सापडेपर्यंत भिंतीवर एक रुपयाही घालवू नका. आतून मारलेला कुठलाही रंग, कुठलंही केमिकल पाण्याला मागून येण्यापासून थांबवत नाही. फार तर दोन-चार फूट बाजूला सरकवतं. पाणी विटांमधून आणि गिलाव्यातून येताना सिमेंटमधले, विटांमधले क्षार विरघळवून आणतं. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ह्यालाच आपण लोणा म्हणतो. हे क्षार रंगाच्या आत साठतात, त्यांचे खडे वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. म्हणून रंग जितका घट्ट आणि चिवट, तितका मोठा फोड येतो.

माझ्या घरातली भिंत म्हणजे बेडरूम आणि बाथरूम यांच्या मधली. बेडरूमच्या बाजूने स्कर्टिंगपासून गुडघ्यापर्यंत ओल. पहिल्या वर्षी पेंटर म्हणाला बाहेरचं पाणी आहे. ही भिंत घराच्या मधोमध आहे, बाहेरचा आणि तिचा संबंध नाही, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी महागडा रंग. तिसऱ्या वर्षी एका ठेकेदाराने अख्खं बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करायला सांगितलं. टाइल्सचा खर्च धरून आकडा लाखाच्या जवळ गेला होता.

ते काम द्यायच्या बेतात होतो आणि मे महिन्यात गावी जाणं झालं. बारा दिवसांनी परत आलो तेव्हा आई भिंतीला हात लावून म्हणाली, "अरे, ही तर वाळलीय की!" खरंच, काळपट पट्टा फिका पडला होता. आठवड्याभरात परत काळा झाला. म्हणजे घरात माणसं असली की ओल, नसली की नाही. पण जाताना आम्ही पाण्याचा मेन कॉकही बंद करून गेलो होतो. त्यामुळे भिंतीतली नळाची लाइन गळतेय की वापरलेलं पाणी मुरतंय, हे त्यावरून ठरत नव्हतं.

मग पेन्सिल घेतली. ओल जिथपर्यंत होती तिथे कडेकडेने रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. पुढचे पंधरा दिवस सकाळी उठून तेवढंच बघायचं, रेघ ओलांडली का. आजवर भेटलेल्या कुठल्याही कारागिराने ही साधी गोष्ट केली नव्हती, आणि माझ्या मते ह्याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. डोळ्यांना 'वाढलीय वाटतं' असं वाटणं आणि रेघेच्या वर दोन बोटं ओल दिसणं यात फार फरक आहे.

पहिले तीन दिवस कॉक चालू ठेवला, पण त्या बाथरूममध्ये कोणी अंघोळ केली नाही. दुसरं संडास-बाथरूम वापरलं. रेघ जागची हलली नाही, उलट ओल थोडी खाली उतरली. लाइनमध्ये पाण्याचा दाब चोवीस तास असतो. ती गळत असती तर ओल वाढत राहिली असती. म्हणजे भिंतीतला पाइप निर्दोष.

मग जमीन तपासली. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या, तोंडात फडक्याचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट बसवला आणि बाथरूममध्ये दीड इंच पाणी भरलं. उंबऱ्याच्या आत टाइलवर पाण्याच्या पातळीची खूण केली. बादलीने हळूहळू ओतलं, भिंती भिजू दिल्या नाहीत. चोवीस तास ठेवलं, मग अजून चोवीस. पाणी उडून जातं तेवढंच उतरलं. खालच्या मजल्यावर विचारलं, तिथेही काही नाही. भिंतीवरची रेघ तिथेच.

जमीन चांगली होती. जी फोडायला निघालो होतो ती जमीन चांगली होती!

राहिला शॉवर. बोळा काढला, ट्रॅप मोकळा ठेवला आणि अर्धा तास शॉवर समोरच्या भिंतीवर सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल रेघेच्या वर. खात्रीसाठी तीन दिवस थांबून परत केलं, परत तेच. मग जवळून बघितलं. शॉवरच्या गरम-गार पाण्याच्या नळाच्या (मिक्सरच्या) मागे ती गोल स्टीलची चकती असते, ती नुसती टेकलेली होती. चकती सरकवली तर टाइलला पाडलेलं भोक पाइपापेक्षा अंगठाभर मोठं, आणि आत उघडी वीट. शिवाय दोन भिंतींच्या कोपऱ्यातलं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतलं भरण, उभ्या रेषेत निघून गेलेलं, नख आत जाईल एवढी फट. अंघोळीचं पाणी रोज तिथून टाइलच्या मागे उतरायचं, भिंतीच्या पायथ्याशी साठायचं आणि पलीकडे गुडघ्याच्या उंचीला बाहेर पडायचं. ओल खाली दिसते म्हणून गळती खालीच असेल असं नाही.

दुरुस्ती दोन दिवसांची निघाली. भोकातली भुसभुशीत माती काढून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भोक पाइपाच्या भोवती भरलं. वाळल्यावर कडेने सिलिकॉन लावून चकती बसवली. कोपऱ्यातलं आणि शॉवरच्या भिंतीचं जुनं ग्राउट ग्राइंडरने खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं. साधं सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं, इपॉक्सी शोषत नाही. पण ते दोन डब्यांतलं माप नीट धरून मिसळावं लागतं आणि टाइलवर राहिलेलं तासाभरात पुसावं लागतं. नंतर ते निघत नाही. सामान आणि मजुरी मिळून सगळं काही हजारांत आटोपलं.

बेडरूमच्या बाजूला मात्र घाई केली नाही. क्षार बसलेला गिलावा वाळल्यावरही हवेतली ओल ओढत राहतो, त्यामुळे तो ठेवून उपयोग नाही. ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा विटेपर्यंत काढला. विटांवरची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडली. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत विटेत जातात. दीड महिना भिंत तशीच उघडी ठेवली. घर विद्रूप दिसलं, पाहुण्यांना समजावून सांगावं लागलं. मग सिमेंटचा नवा गिलावा केला, त्याला आठवडाभर पाणी मारलं, पुढे पूर्ण वाळायला महिनाभर दिला आणि मगच प्रायमर. अशा ठिकाणी जिप्सम किंवा पीओपी अजिबात वापरू नका, दोन्ही ओलीला टिकत नाहीत.

तुमच्याकडची ओल दुसरीकडून येत असू शकेल, पण शोधायची रीत हीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रेघ बघायची. सुरुवात कॅलेंडरपासून करा. ओल बारा महिने असेल तर घरातलं किंवा शेजारचं पाणी. जून-जुलैत येऊन दिवाळीनंतर वाळत असेल तर पाऊस. फक्त वरच्या मजल्यावरचं कुटुंब सुट्टीला गेल्यावर वाळत असेल, तर वेगळं सांगायला नको.

पावसाचं पाणी असेल तर आधी भिंत कुठल्या दिशेची ते बघा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. मुंबई-ठाणे-कोकणपट्टीत पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती झोडपल्या जातात, आणि बाकीच्या भिंती त्याच इमारतीत कोरड्या राहतात. अशा भिंतीला बाहेरून बघायचं म्हणजे तडे बघायचे. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथे आडवा तडा हमखास सापडतो, कारण काँक्रीट आणि वीट उन्हाने सारखी प्रसरण पावत नाहीत. त्यावर नुसता रंग मारला तर पहिल्या उन्हाळ्यात परत फाटतो. तडा ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकारात रुंद करून, धूळ काढून, लवचिक क्रॅकफिलर भरावा लागतो. मोठा असेल तर वर जाळी लावून गिलावा.

पण तड्यांच्याही आधी भोकं मोजा. एसीचा पाइप ज्या भोकातून बाहेर जातो ते बाहेरच्या बाजूला उतरतं असायला हवं. घाईत सरळ किंवा आतल्या बाजूला उताराचं पाडलेलं असेल तर पावसाचं पाणी पाइपाच्या अंगाने थेट भिंतीत शिरतं. ग्रिलचे, एसीच्या ब्रॅकेटचे, केबलवाल्याने मारलेले बोल्ट, ही सगळी पाण्याची दारं आहेत. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, साठलेलं पाणी जायला. ती मातीने बुजली की पट्टी भरते आणि पाणी आतल्या भिंतीवर उतरतं. जुना टूथब्रश आणि एक तार घेऊन ती मोकळी करा, पाच मिनिटांचं काम आहे. मेच्या शेवटी दर वर्षी करावं. सज्जाच्या खालच्या कडेला पागोळीची खाच असते का तेही बघा. ती नसेल किंवा रंगाने भरली असेल तर पाणी सज्जाच्या पोटाखालून सरपटत भिंतीपर्यंत येतं.

आणि भिंतीत पिंपळ उगवला असेल तर तो कापून भागत नाही. मूळ आत जिवंत राहतं आणि तडा रुंदावत जातो. मुळासकट काढून ती जागा भरून घ्या, रोप बोटभर आहे तोवरच.

सगळ्यात वरचा मजला असेल आणि छतातून ओल असेल तर गच्चीवर जा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा जाड थर, असतो. तो मधोमध क्वचित दगा देतो. दगा देतो तो कडेला, जिथे गच्ची आणि कठडा भेटतात. तिथे गोलाई दिलेला वाटा असतो, तो सुटलेला आहे का हे थापीच्या मुठीने ठोकत गेलात की पोकळ आवाजाने कळतं. दुसरी जागा पावसाळी पाइपाचं तोंड, तिसरी पाण्याच्या टाकीचे पाय. आतल्या डागाच्या थेट वर गळती शोधू नका. स्लॅब आणि कोब्याच्या मधून पाणी उताराने वाहतं आणि जिथे जागा मिळेल तिथे खाली पडतं. माझ्या मेव्हण्याच्या घरी हॉलच्या मधोमध थेंब पडायचा आणि फट सापडली बारा फुटांवर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीशी.

गच्चीवर पाणी भरून बघायचं तर पावसाळ्याआधी बघा, आणि हिशेबाने. एक इंच पाण्याचं एका चौरस मीटरला २५ किलो वजन होतं. दोन इंच पुरतात. विटा आणि मातीचा बांध घालून गच्चीचा एकेक भाग भरला तर कुठला भाग गळतो तेही कळतं. खाली छताचं प्लास्टर आधीच सुटलेलं असेल, सळईचा गंज दिसत असेल, तर हा प्रयोग करू नका.

ठेकेदार जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकायला सांगत असेल तर थांबा. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास जातो. जुन्या स्लॅबवर एवढं ओझं वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवं. बऱ्याचदा वाटा नव्याने करून, तडे भरून, वरून दोन-तीन हात लवचिक कोटिंग दिलं की काम होतं. फक्त ते कोटिंग पूर्ण वाळलेल्या कोब्यावर द्यायचं, म्हणजे फेब्रुवारी ते मे. पहिली सर येऊन गेल्यावर घाईने मारलेलं कोटिंग आतल्या वाफेने फुग्यासारखं उचलतं.

छतावरची ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर प्रश्न पाण्याइतकाच माणसांचा होतो. जुन्या इमारतींत बाथरूमची स्लॅब खोलगट असते आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरून पाणी मुरत राहिलं की तो खड्डा टाकीसारखा भरतो. म्हणून वरच्यांनी दुरुस्ती करून घेतल्यावरही तुमच्याकडे दोन-चार आठवडे थेंब पडू शकतो. तेवढ्यावरून "काम नीट झालं नाही" म्हणून भांडायला जाऊ नका. आधी पेन्सिलच्या रेघेचे तारखेसकट फोटो दाखवा. "वहिनी, दोन दिवस एवढं पाणी भरून बघू या का, तुमच्यासमोरच," असं म्हटलं तर बहुतेक लोक तयार होतात. खाण्याचा रंग पाण्यात घालून बघायची युक्तीही करतात. खाली रंग उतरला तर शंका मिटली. पण न उतरणं हा पुरावा धरू नका, विटांच्या तुकड्यांमध्ये रंग अडकून राहतो आणि स्वच्छ पाणीच खाली येतं.

खर्च कोणाचा, यावर सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं कटुता राहते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) हे लिहिलेलं आहे: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंची गळती त्या सभासदाच्या खर्चाने. इमारत नवी असेल तर बिल्डरला लेखी कळवा. २०१६ च्या रेरा (बिल्डर आणि घरखरेदीबाबतच्या) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. व्हॉट्सॅपवर बोलत बसू नका, पत्र द्या आणि पोच घ्या.

तळमजल्यावरची, विशेषतः जुन्या घरांतली ओल जमिनीतून चढते. ती जोत्यापासून सरळ पट्ट्याने कमरेपर्यंत येते आणि क्वचितच त्याच्या वर जाते. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा चढवलेला बघून. चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो, आणि चुना ते पाणी हवेत जाऊ देतो. सिमेंटने कोंडलं की ओल अजून वर चढते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच हात द्या. बाहेरची माती जोत्याच्या वर आली असेल तर खणून खाली करा आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या. आजोबांच्या काळी पावसाआधी भिंतींना नारळाच्या झावळ्यांची झापं बांधत. भिंत मुळात भिजूच द्यायची नाही, ही त्यांची रीत अगदी बरोबर होती.

कधीकधी ओल भिंतीतली नसतेच, खोलीतल्या हवेतली असते. कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी येते पण गिलावा भुसभुशीत होत नाही. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून. हवेतलं असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, पंखा चालू ठेवा. बस्स.

दोन ठिकाणी मात्र स्वतः शोधत बसू नका. ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा छतातल्या दिव्याच्या पॉइंटपर्यंत आली असेल, तर त्या लाइनचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला सुरक्षा स्विच) लगेच खाली करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील तर मेन स्विचच बंद करा. दुसरं म्हणजे छताचं प्लास्टर फुगलंय, ठोकलं की पोकळ वाजतंय, तांबूस रेघा दिसताहेत. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. त्यावर पुन्हा गिलावा थापणं म्हणजे तो एक दिवस कोणाच्या तरी डोक्यात पडण्याची सोय करणं. त्या खाली पलंग असेल तर आजच हलवा, आणि सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिटसाठी लेखी द्या. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं.

कोणी प्रश्न विचारणार असाल तर सोबत एवढं लिहा: कितवा मजला, भिंतीच्या पलीकडे काय आहे, कुठल्या महिन्यात वाढते, आणि रेघ मारून निदान आठवड्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो.